कुंपणाआतले पर्यावरण

हॉटेलात उतरणे ही एकेकाळी केवळ सोय होती. पुढे ती प्रतिष्ठेची बाब झाली. आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत तिला सदसद्विवेकबुद्धीचीही जोड मिळाली आहे. मुंबईसारख्या अहोरात्र जाग्या असणाऱ्या शहरात जुन्या बंगल्यात किंवा जुन्या इमारतीच्या एखाददुसऱ्या मजल्यावर थाटलेली पंधरा-वीस खोल्यांची ‘बुटीक’ हॉटेले आता ठिकठिकाणी दिसतात. शहराची गजबज, खोलीतील शांतता आणि पर्यावरणाची काळजी या तिन्ही गोष्टी एकाच भाड्यात मिळतील, असे आश्वासन त्यांच्या जाहिराती देतात. खोलीत प्लास्टिकच्या बाटलीच्या जागी काचेची बाटली असते, दात घासायला बांबूचा ब्रश असतो, पलंग-खुर्च्या मोडीत निघालेल्या सागवानातून केलेल्या असतात. न्हाणीघरात एक लहानसे कार्ड ठेवलेले असते. टॉवेल पुन्हा वापरणार असाल तर दांडीवर टाका, धुवायला हवा असेल तर खाली ठेवा. आपल्या एका टॉवेलाने पृथ्वीवरचे पाणी वाचेल, अशा आशयाचा मजकूर त्यावर असतो. पाहुणा टॉवेल दांडीवर टाकतो आणि समाधानाने झोपी जातो.

या कार्डाला इतिहास आहे. जे वेस्टरवेल्ड या अमेरिकन पर्यावरणवाद्याने १९८६ साली एका निबंधात हॉटेलांच्या याच विनंतीवर बोट ठेवले आणि अशा वरवरच्या हिरवेपणाला ‘ग्रीनवॉश’ हा शब्द योजला. इंग्रजीतील ‘व्हाइटवॉश’ म्हणजे चुन्याची सफेदी. तिच्यावरून हा हिरवा चुना. मराठीत चुना लावणे याचा अर्थ निराळा आहे, पण तो येथे अगदीच गैरलागू नाही. टॉवेल वाचवून हॉटेलाचा धुलाईखर्च उतरतो. ऊर्जेचा आणि कचऱ्याचा मोठा अपव्यय थांबवण्यासाठी मात्र फारसे काही केले जात नाही, हा वेस्टरवेल्ड यांच्या आक्षेपाचा गाभा होता. वाचलेला पैसा मालकाच्या खात्यात जातो आणि पुण्य पाहुण्याच्या, इतकी ही वाटणी सरळ आहे.

तथापि सगळ्याच हिरव्या हॉटेलांना एका दावणीला बांधणे अन्यायाचे ठरेल. विलेपार्ले पूर्वेला, देशांतर्गत विमानतळाच्या दाराशी, विठ्ठल कामत यांनी १९९७ साली ‘द ऑर्किड’ सुरू केले. ते बुटीक नव्हे. मोठे पंचतारांकित हॉटेल आहे. परंतु पुढे लहान हॉटेलांनी ज्या युक्त्या उचलल्या, त्यांतल्या बऱ्याच तेथे आधीच अमलात आल्या होत्या. औष्णिक वीजकेंद्रातील राख मिसळलेले सिमेंट बांधकामाला वापरले गेले, ओल्या कचऱ्याचे गांडूळखत होऊ लागले, सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरात आणले गेले. खोलीत एक हिरवे बटण होते. ते पाहुण्याने दाबले की वातानुकूलन यंत्राचे तापमान थोडे वर चढे आणि तेवढी वीज वाचे. ‘इकोटेल’ हे प्रमाणपत्र मिळवणारे आशियातील पहिले पंचतारांकित हॉटेल म्हणून त्याचे नाव झाले. रोज १०० किलोंहून अधिक कचरा करणाऱ्या आस्थापनांनी आपल्या ओल्या कचऱ्याची विल्हेवाट आपल्याच आवारात लावावी, असा आग्रह मुंबई महापालिकेने धरला तो २ ऑक्टोबर २०१७ पासून. म्हणजे एका खासगी हॉटेलमालकाने ही गोष्ट कायद्याच्या वीस वर्षे आधी केली. उडपी उपाहारगृहांच्या परंपरेतून आलेल्या माणसाला काटकसर शिकवावी लागत नाही, हेही त्यामागचे एक कारण असावे. माटुंग्याच्या खाणावळींत केळीच्या पानावर जेवण वाढले जाते ते कित्येक दशकांपासून. त्या पानाला कोणी प्रमाणपत्र दिले नाही.

प्रश्न निराळाच आहे. हे पर्यावरण सुरू कोठे होते आणि संपते कोठे? ‘इकोटेल’ प्रमाणपत्राचे निकष पाच: पर्यावरणाविषयीची बांधिलकी, घनकचरा, ऊर्जा, पाणी, आणि कर्मचाऱ्यांचे शिक्षण व समाजाचा सहभाग. निकष वाईट नाहीत. परंतु ते प्रमाणपत्र देणारी संस्था हॉटेलधंद्याला सल्ला देणारी खासगी कंपनी आहे. शिवाय पहिल्या चारांतील मोजमाप इमारतीच्या मीटरपाशी, नळापाशी आणि कचऱ्याच्या डब्यापाशी थांबते. पाचव्यात कर्मचाऱ्याने पर्यावरण शिकावे अशी अपेक्षा आहे. त्याला वेतन किती मिळते, तो कायम आहे की कंत्राटदाराचा माणूस आहे, दिवसभर हिरव्या खोल्या झाडून तो रात्री कोणत्या वस्तीत परततो, याला शीर्षकच नाही.

उत्पादकाच्या हिशेबात न येणारा आणि तिसऱ्याच माणसाने भरावयाचा खर्च ही कल्पना अर्थशास्त्रात जुनी आहे. पिगू यांनी १९२० साली ‘इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’मध्ये ती मांडली. पुढे १९५० साली विल्यम कॅप यांनी ‘द सोशल कॉस्ट्स ऑफ प्रायव्हेट एंटरप्राइज’ या ग्रंथात असे खर्च इतरांवर लोटणे हा अपवाद नसून खासगी उद्योगाची नित्याची रीत आहे, असे दाखवून दिले. पाठ्यपुस्तकात याचे उदाहरण म्हणून बहुधा गिरणीचे धुराडे आणि शेजारच्या धोबिणीने वाळत घातलेले कपडे येतात. मुंबईच्या विद्यार्थ्याला इतके दूर जाण्याचे कारण नाही. विलेपार्ल्याच्या हॉटेलापासून ट्रॉम्बे सरळ रेषेत दहा-बारा किलोमीटरांपलीकडे नाही, आणि हॉटेलाच्या हिशेबातून गळालेल्या बहुतेक रकमा तेथे जमा झालेल्या सापडतात.

ट्रॉम्बे म्हणजे जुने तुर्भे. एकेकाळचे बेट, डोंगराच्या पायथ्याशी कोळीवाडा आणि भोवती खाडी व खाजण. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच दशकात त्याचे रूप पालटले. १९५४ साली स्टॅनव्हॅकचा आणि १९५५ साली बर्मा शेलचा तेलशुद्धीकरण कारखाना माहुलला सुरू झाला. १९५६ साली टाटांचे औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले आणि त्याच वर्षी ‘अप्सरा’ ही आशियातील पहिली अणुभट्टी तेथे कार्यान्वित झाली. १९६५ साली खत कारखाना आला. राष्ट्राच्या उभारणीचा तो काळ होता आणि ट्रॉम्बेचा अभिमान वाटणे स्वाभाविक होते. दोन्ही तेल कारखाने अनुक्रमे १९७४ आणि १९७६ साली राष्ट्राच्या मालकीचे झाले. त्यांतून पुढे हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम या कंपन्या उभ्या राहिल्या. मालकी बदलली म्हणून माहुलच्या कोळ्याच्या श्वासात काही फरक पडला नाही, हे समाजवाद्यांनीही कबूल करावयास हवे. सामाजिक खर्च लोटून देण्याच्या बाबतीत सरकारी उद्योगाने खासगी उद्योगाचाच कित्ता गिरवला.

आता हॉटेलाच्या खोलीतून निघणारे धागे एकेक करून पाहावे. पाहुणा बहुधा विमानाने येतो, आणि त्या विमानाचे इंधन माहुलच्या कारखान्यांतून जमिनीखालच्या नळाने सांताक्रूझच्या विमानतळापर्यंत येते. खोलीतील वातानुकूलन यंत्र ज्या जाळ्यातून वीज घेते, त्या जाळ्यात ट्रॉम्बेचा १९८४ सालचा ५०० मेगावॅटचा संच आहे आणि २००९ साली त्यात २५० मेगावॅटच्या आणखी एका कोळशावरच्या संचाची भर पडली. पश्चिम उपनगरांना डहाणूच्या केंद्रातूनही वीज येते, हे खरे; परंतु जाळे एक असताना कोणत्या दिव्यात कोणाची वीज जळते हे सांगणे म्हणजे नदीत मिसळलेल्या ओढ्याचे पाणी वेगळे काढणे होय. २०२१ पासून जादा दर भरून संपूर्ण अपारंपरिक वीज घेण्याची सोय ग्राहकांना मिळाली आहे. काही आस्थापने ती घेतात आणि तसे फलकही लावतात. तार मात्र तीच राहते, फक्त कागदावरची नोंद बदलते. स्वच्छ विजेच्या नावाखाली कोणाचे काही गेलेच नाही, असेही मानण्याचे कारण नाही. मुंबईला धुराविना वीज मिळावी म्हणून मुळशीचे खोरे बुडवले गेले आणि त्याविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला, ही महाराष्ट्राच्या स्मृतीतली गोष्ट आहे.

कचऱ्याचा धागा देवनारला जातो. आज मुंबईचा बहुतेक कचरा कांजूरमार्गला टाकला जात असला तरी १९२७ पासून पिढ्यान् पिढ्या शहराने आपली घाण ट्रॉम्बेच्या या वेशीवर ओतली. जानेवारी २०१६ मध्ये त्या डोंगराला लागलेल्या आगीचा धूर उपग्रहांच्या छायाचित्रांतही दिसला. त्याच डोंगराच्या कुशीत गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्या आहेत. देवनार, गोवंडी, ट्रॉम्बे आणि माहुल एवढा मुलूख महापालिकेच्या एम पूर्व व एम पश्चिम या दोन विभागांत वाटलेला आहे. त्यांपैकी एम पूर्व विभाग २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहराच्या सर्व विभागांत तळाला होता. हॉटेलांनी कचरा आपल्या आवारात जिरवला तर या वस्त्यांवरचा भार खरोखरच हलका होतो, आणि म्हणून गांडूळखताचा उपहास करण्याचे कारण नाही. पण २०१६ च्या घनकचरा नियमांनी ही सक्ती केली ती रोज १०० किलोंच्या वरच्या कचऱ्यासाठी. पंधरा-वीस खोल्यांचे हॉटेल या मर्यादेच्या आत सहज बसू शकते. लहानपण हा ज्याच्या जाहिरातीचा विषय आहे, त्यालाच लहानपणामुळे कायद्यातून सूट मिळावी, हा योगायोग मोठा सोयीचा आहे.

या सर्वांत पाण्याचा धागा अधिक निरखून पाहण्याजोगा आहे, कारण टॉवेलाच्या कार्डावर पृथ्वीच्या नावाने ज्याची भीक मागितली जाते ते हेच पाणी. मुंबईचे पाणी मुख्यत्वे ठाणे जिल्ह्यातल्या धरणांतून येते. तानसा धरण १८९२ सालचे. ज्या शहापूर तालुक्यात तानसा-भातसाचे जलाशय भरलेले असतात, त्याच तालुक्यातील आदिवासी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. हे पाणी ज्या मोठ्या जलवाहिन्यांतून शहरात येते, त्यांच्या कडेने घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला अशा ठिकाणी गरिबांच्या वस्त्या होत्या. जलवाहिनीच्या सुरक्षिततेसाठी दोन्ही बाजूंनी दहा-दहा मीटर जागा मोकळी करण्याचा आदेश उच्च न्यायालयाने दिला. शहराचे पाणी सुरक्षित राहिले पाहिजे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. पण त्या पाण्याच्या सुरक्षिततेसाठी ज्यांची घरे पाडली, त्या हजारो कुटुंबांना महापालिकेने नेले कोठे? माहुलला. तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या आणि रसायनांच्या टाक्यांच्या शेजारी ७२ इमारतींची, १७,००० हून अधिक खोल्यांची प्रकल्पग्रस्तांची वसाहत तयार होती. ती रिकामी का होती, याचा विचार कोणी केला नाही.

तोवर त्या जागेविषयी काही अज्ञात राहिले होते, असेही नाही. माहुल-आंबापाडा येथील रहिवाशांच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्येच निर्णय दिला होता, की तेथील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला स्पष्ट धोका आहे. केईएम रुग्णालयाच्या पाहणीत श्वसनाच्या तक्रारींचे प्रमाण मोठे आढळले होते. तरीही २०१७ पासून कुटुंबे तेथे पाठवली गेली. त्यांनी आंदोलन केले, विद्याविहारला रस्त्याच्या कडेला महिनोन्महिने ठाण मांडले. अखेर सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला, की कोणालाही माहुलला जाण्याची सक्ती करता येणार नाही. पर्यायी घर देईपर्यंत प्रत्येक कुटुंबाला दरमहा १५,००० रुपये भाडे आणि ४५,००० रुपये अनामत द्यावी. दरमहा १५,००० ही रक्कम बऱ्यापैकी हॉटेलातील दोन-तीन रात्रींच्या भाड्याइतकी आहे. ऑगस्ट २०२० मध्ये हरित लवादाने माहुलच्या हवेबद्दल चार कंपन्यांवर मिळून २८६ कोटी रुपयांची भरपाई बसवली. तीत दोन्ही सरकारी तेल कंपन्यांचा वाटा १४४ कोटींचा होता.

टॉवेल दांडीवर टाकून वाचणारे पाणी आणि माहुलला पाठवलेले कुटुंब यांचा संबंध हॉटेलाच्या पाहुण्याला दिसत नाही. दिसावा अशी योजनाही नाही. त्याला खाडीवर रोहित पक्षी पाहायला नेण्याची सोय असते. ठाण्याची खाडी २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेली. हे पक्षी ज्या शेवाळावर जगतात ते शेवाळ शहराच्या सांडपाण्यावर पोसते, हा निसर्गाचा एक खट्याळपणा. त्याच खाडीत ट्रॉम्बेच्या कोळ्यांच्या जाळ्यांत पूर्वीसारखी मासळी येत नाही, याची चर्चा त्या नावेत होत नसावी.

येथे एक प्रामाणिक आक्षेप घेतला जाईल. हॉटेलवाल्याने करावे तरी काय? ट्रॉम्बेचे वीजकेंद्र बंद करणे, तेल कारखाना हलवणे, विस्थापितांना घरे देणे हे त्याच्या हातचे नाही. त्याच्या हातचे जेवढे आहे तेवढे तो करत असेल, तर त्याला नावे का ठेवावीत? आक्षेपाचा पूर्वार्ध बरोबर आहे. कोणताही एक मालक हे करू शकत नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न मालकाच्या सद्गुणावर सोपवता येत नाही. परंतु परवान्याचे शुल्क, करांचे दर, रात्री बंद करण्याची वेळ यांसाठी हॉटेलमालकांच्या संघटना मंत्र्यांकडे शिष्टमंडळे नेतात. सामूहिक शक्ती त्यांच्यापाशी आहे. माहुलच्या हवेसाठी ती आजवर खर्ची पडलेली दिसत नाही. शिवाय पर्यावरणाची काळजी ही जादा भाडे देऊन विकत घ्यावयाची वस्तू झाली, की ज्यांना ते भाडे परवडते त्यांची जबाबदारीची भावना खोलीच्या बिलाबरोबरच फिटते. उरलेल्यांसाठी मग महापालिकेकडे मागणी करणारे कोणी उरत नाही. ज्याने शुद्ध पाण्याचे यंत्र घरात बसवले, त्याने नळाच्या पाण्याविषयी तक्रार करणे सोडून दिले, हा अनुभव मुंबईने घेतलेलाच आहे.

हिरवेपणाचा दावा करणाऱ्या प्रत्येक हॉटेलाचा, मग त्याच्या खोल्या पंधरा असोत की अडीचशे, पाणी, वीज, कचरा आणि सांडपाणी यांचा वार्षिक हिशेब महापालिकेने जाहीर करावा, ही मागणी त्यामुळे अवाजवी ठरत नाही. माहिती महापालिकेच्या देयकांत आणि वीज कंपन्यांच्या खात्यांत आहेच. ती लोकांसमोर ठेवावयाची आहे. प्रमाणपत्र द्यावयाचे तर ते सार्वजनिक यंत्रणेने द्यावे आणि त्यात वेतन व कायम नोकरी हा निकष पहिल्या पानावर असावा. १०० किलोंची मर्यादा धंदा करणाऱ्या आस्थापनांसाठी बरीच खाली आणावी. व्यापारी दराने विकल्या जाणाऱ्या पाण्यावर एक छोटा अधिभार बसवून तो केवळ शहापूरचे पाडे आणि पूर्वेचे हे दोन विभाग यांच्यासाठी राखून ठेवावा. राखून ठेवलेला निधी सामान्य खर्चात विरून जातो, हा पूर्वानुभव लक्षात घेता त्यावर त्या वस्त्यांतील प्रतिनिधींची देखरेख असणे आवश्यक आहे. यांतील एकही गोष्ट क्रांतिकारक नाही. महापालिकेच्या अंदाजपत्रकाच्या आकाराकडे पाहता ती महागही नाही.

हे होईपर्यंत माहुलची किंमत बाजारच ठरवत राहील, आणि ती त्याने ठरवलीही आहे. २०२५ मध्ये महापालिकेने माहुलच्या वसाहतीतील नऊ हजारांवर रिकाम्या खोल्या आपल्याच खालच्या श्रेणीतील कर्मचाऱ्यांना १२ लाख ६० हजार रुपयांना विकण्यास काढल्या. ज्या शहरात साध्या घरासाठी आयुष्य गहाण पडते तेथे ही किंमत जवळजवळ फुकटासारखी होती. खोल्या हजारोंनी होत्या. अर्ज आले ते काहीशेच.